हयातीचा दाखला

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगाव यात्रा भरतात. दोन दिवस गावे भरून वाहतात. मुंबईकर मंडळी रजा काढून येतात, वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे निघतात, देवाची पालखी मिरवते, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर पाय ठेवायला जागा राहत नाही आणि ओट्यावर बसलेल्या आजी-आजोबांभोवती नातवंडांचा गलका चालतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या निघतात आणि दुपारपर्यंत कुलुपे पुन्हा आपापल्या जागी लागतात. ज्या दारांना कुलूप लागत नाही त्यांतील कित्येकांच्या आड एक म्हातारी किंवा एक म्हातारा तेवढा उरलेला असतो. पुढली यात्रा येईपर्यंत त्या दाराशी कोण जातो, आणि जातो तो कोणत्या नात्याने वा कोणत्या कर्तव्याने, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु एका घराचा म्हणून सोडून द्यावा इतका तो आता लहान राहिलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या घरात आणि आंबेगावची सुमारे दोन लाख छत्तीस हजार होती. त्याच जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात साठी उलटलेल्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ होते. हेच प्रमाण या दोन तालुक्यांना लावले तर त्या वेळी येथे साठ हजारांवर वृद्ध होते असे धरावे लागते. आणि ज्या मुलखातून तरुण माणूस बाहेर जातो तेथे हे प्रमाण सरासरीहून कमी असण्याचे काही कारण नाही. केंद्र सरकारच्या वतीने २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीत शेकडा सहाच्या आसपास वृद्ध अगदी एकटे राहतात आणि सुमारे पाचांतील एक वृद्ध केवळ जोडीदारासह राहतो, असे दिसून आले. एकट्या राहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक. ढोबळ हिशेबाने या दोन तालुक्यांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे एकटी राहत असावीत, आणि त्याहून कितीतरी अधिक अशी की, जोडीदार गेला म्हणजे तीही एकटीच उरणार. हा अर्थात अंदाज झाला. नेमका आकडा गावागावाने मोजल्याशिवाय हाती येणार नाही, आणि ही मोजणी हेच या कामातील पहिले पाऊल आहे.

हा एकटेपणा आकाशातून पडलेला नाही. कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर अशा जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या खोऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरविली. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, भाजीबाजारात, माथाडींच्या टोळ्यांत आणि डबेवाल्यांच्या धंद्यात उत्तर पुणे जिल्ह्यातील माणूस आपला घाम गाळीत आला. त्या व्यवस्थेचा एक न लिहिलेला करार होता. कर्त्या पुरुषाने मुंबईस जावे, खोलीत पंधरा-वीस जणांनी मिळून राहावे, खाणावळीत जेवावे आणि पैसे गावी पाठवावेत. गावी आईबाप व बायको यांनी घर आणि जमीन सांभाळावी. आणि हातपाय थकले की त्यानेही गावी परतावे. ‘मुंबईत मिळवावे आणि गावी म्हातारे व्हावे’ अशी ही रीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला, अनेकांना अकाली गावी परतावे लागले आणि त्यांच्या मुलांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. त्या वाटा चाकणच्या कारखान्यांकडे, भोसरी-पिंपरीकडे, ठाणे-नवी मुंबईकडे गेल्या. या खेपेस फरक असा पडला की, मुलगा एकटा गेला नाही. बायको आणि मुलेही त्याच्याबरोबर गेली. सून गावी राहिली होती तोवर सासू-सासरे एकटे नव्हते. सून गेली तेव्हा त्या जुन्या कराराचा दुसरा अर्धा भाग संपला.

याबद्दल तरुणांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत दोन मुलांसह राहणाऱ्या कामगाराने आईला कोठे ठेवावे? कंत्राटी नोकरीत महिन्याची खाडाबंदी पाळणाऱ्याने तिच्या औषधपाण्यासाठी किती वेळा गावी यावे? शिवाय म्हातारी माणसेही शहरात यायला राजी नसतात. गोठ्यातली गाय, देव्हाऱ्यातले टाक, शेजारणीचे बोलणे आणि सातबाऱ्यावरचे आपले नाव सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून राहणे त्यांना मानवत नाही. मुलगा नेत नाही आणि आई येत नाही, या दोहोंत कोणाची चूक आहे हे ठरविण्यात अर्थ नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील तेव्हाही आई एकटीच राहते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

या दोन तालुक्यांत एकटेपणाचे स्वरूपही एकसारखे नाही. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचे पाणी आले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा यांची शेती उभी केली. पाण्याबरोबर कुटुंबे गावठाणातून मळ्यांत राहायला गेली आणि एकेक घर एकेका शेतात जाऊन वसले. ज्या दिवसांत घरात दहा माणसे होती त्या दिवसांत ही वस्ती सोयीची होती. आज शेत वाट्याने दिलेले, मुलगा चाकणला आणि मळ्यातल्या घरात म्हातारी एकटी, अशी अवस्था असेल तर शेजार हाकेच्या पलीकडे पडतो. त्यात उसाबरोबर बिबट्याही वस्तीच्या अंगणापर्यंत आला आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून या संकटाचे मोजमाप करता येईल. दिवेलागणीनंतर एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर सहज डोकावण्याची जी जुनी पद्धत होती, ती या भयाने जवळजवळ मोडली. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा हे बारा तास अशा घरातील माणसाने एकट्यानेच काढावयाचे असतात. छातीत कळ आली, न्हाणीघरात पाय घसरला, तर उजाडेपर्यंत कोणाला कळण्याची शाश्वती नाही.

पश्चिमेकडची कथा निराळी आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या सह्याद्रीच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. तेथे पाऊस उदंड आणि पाणी मात्र उन्हाळ्यात दुर्मिळ. भात आणि हिरडा यांवर वर्ष निभत नाही म्हणून हातीपायी धड असलेली माणसे मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात. नारायणगावच्या मजूर-बाजारात पहाटे उभी राहतात आणि हंगामात आठवडेच्या आठवडे मळ्यांवरच मुक्काम करतात. मागे वाडीवर म्हातारी माणसे राहतात, आणि पुष्कळदा त्यांच्या पदरी लहान नातवंडेही असतात. डिंभे धरणाच्या पाण्याखाली तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच गेले, आणि त्याबरोबर कित्येक कुटुंबांचा जुना शेजारही विस्कटला. तेव्हा पूर्वेस समृद्धीने आणि पश्चिमेस दारिद्र्याने, अशा दोन उलट वाटांनी वृद्ध एकाच ठिकाणी येऊन पोहोचले आहेत.

पूर्वी या एकटेपणावर एक उतारा होता आणि तो सरकारी खात्याचाच होता, हे आज विस्मरणात गेले आहे. मुंबईहून मनीऑर्डर येई. पोस्टमन ती घेऊन ओट्यावर टेके, पैसे मोजून देई, कुपनावरच्या चार ओळी वाचून दाखवी, अंगठा घेई आणि तब्येतीची विचारपूस करून पुढे जाई. अनेकदा उत्तराचे कार्डही तोच लिहून देई. रक्कम लहान असे, परंतु तिच्याबरोबर एक माणूस दाराशी येत असे. पैसा खात्यात परस्पर जमा होऊ लागल्यापासून पैसा वेगाने येतो आणि वाटेत गळतही नाही. हा लाभ लहान नव्हे. मध्यस्थांच्या हातून सुटका झाली हे कोणत्याही वृद्धाला विचारले तरी तो मान्य करील. मात्र त्या सुधारणेत दाराशी येणारा माणूस हिशेबातून वगळला गेला, आणि त्याची जागा भरण्याचा विचार कोणी केला नाही. आता माणसानेच पैशाकडे जावयाचे असते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्येच सुरू केली. केंद्राने १९९५ मध्ये दरमहा ७५ रुपयांची वृद्धापकाळ मदत देऊ केली आणि २००६ मध्ये ती २०० रुपये केली. तेव्हापासून ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा त्याच २०० रुपयांवर अडकला आहे, ही गोष्ट मात्र लज्जास्पद आहे. राज्याने आपल्या पदरची भर घालून श्रावणबाळ योजनेतील रक्कम जुलै २०२३ पासून १५०० रुपयांवर नेली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आरोग्यविम्याचे छत्र मिळाले. कागदावर पाहिले तर वृद्धांच्या वाट्याला आजवर कधी नव्हते इतके आले आहे.

अडचण आहे ती कागद आणि दार यांमधील अंतराची. श्रावणबाळ योजनेसाठी उत्पन्नाची मर्यादा गेली अनेक वर्षे सालीना २१ हजार रुपयांवर खिळून राहिली. दिवसाला साठ रुपयेसुद्धा न मिळवणारा तोच गरजू, असा याचा अर्थ. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारची जोडणी, बँकेचे खाते अशी कागदपत्रे जमवावी लागतात. त्याही पलीकडे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे माणसाने वर्षातून एकदा हजर होऊन सिद्ध करावयाचे आणि ते राहून गेले तर अनुदान थांबावयाचे. मृतांच्या नावे पैसे उचलले जाऊ नयेत, या हेतूला कोणी नाव ठेवणार नाही. पण घाटघर किंवा आहुपे येथल्या माणसाचा विचार करावा. गाडी दिवसातून एक-दोनदाच येणार. ती सकाळी गाठावी, तालुक्याच्या गावी रांगेत उभे राहावे, उभा जन्म नांगर आणि खुरपे धरून झिजलेली बोटे यंत्रावर ठेवावीत, ठसा उमटत नाही म्हणून परत फिरावे आणि संध्याकाळच्या गाडीने घर गाठावे. प्रवास मोफत झाला तरी तो वृद्धालाच करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर तो करताच येत नाही. आणि ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज तोच या परीक्षेत आधी नापास होतो.

कायद्याचीही स्थिती अशीच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा संसदेने २००७ मध्ये केला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. मुलांनी सांभाळ न केल्यास दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववण्याचा अधिकार त्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणास दिला. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे सांगितले. वृद्धाच्या वतीने दुसऱ्या कोणी किंवा एखाद्या संस्थेने अर्ज करण्याची मुभा ठेवली. इतकेच काय, न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घ्यावी अशीही सोय केली. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या जमिनींना सोन्याचे मोल आल्यापासून या तरतुदीचे महत्त्व येथे फार वाढले आहे. मायेपोटी बक्षीसपत्र करून देणाऱ्या आईबापांनी त्या दस्तात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, आणि दस्त लिहिणाऱ्यांनीही ती त्यांना सुचवावी. एका ओळीचे हे शहाणपण पुढची दहा वर्षे वाचवू शकते.

असे असूनही मिन्नेरातल्या किंवा कुकडनेरातल्या माणसाला या न्यायासाठी जावे लागते ते मंचरला; जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय तेथे आहे. वाडीवरून जुन्नर, जुन्नरहून नारायणगाव आणि तेथून मंचर, इतकी मजल मारून पोटच्या पोराविरुद्ध तक्रार नोंदविणारी माता विरळाच. ती आडून-आडून सांगते ते ‘पोरगं कामात असतं’ एवढेच. अंतराहून लाज मोठी असते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांकडे पाठ फिरविणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून शेकडा तीस रक्कम कापून ती पालकांना देण्याचे ठरविले, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु पगारातून पैसा कापता येतो, सहवास कापून देता येत नाही. निवृत्तिवेतन वेळेवर मिळणारा एखादा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक मंचर-नारायणगावात एकटा राहत असेल तर त्याला पैशाची ददात नसते. तो पडला हे कळायला मात्र दूधवाला दुसऱ्या दिवशी यावा लागतो.

यावर वृद्धाश्रम काढावेत असा उपाय लगेच सुचविला जातो. ज्यांना खरोखर कोणी नाही आणि ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांच्यासाठी ते हवेतच. वर उल्लेखिलेल्या कायद्याने जिल्ह्याला निदान दीडशे जणांचा एक, असे वृद्धाश्रम सुचविले आहेत. परंतु पुण्यासारख्या अवाढव्य जिल्ह्यात दीडशे ही संख्या ती काय! आणि ज्या माणसाने मुलाचे शहरातले घर नाकारले तो परक्या गावातील परक्या खाटेवर सुखी होईल, अशी अपेक्षा धरणेही चुकीचे आहे. बहुसंख्य वृद्धांना आपल्याच घरात राहावयाचे आहे. तेथे त्यांना दोन गोष्टी हव्यात: कोणीतरी नियमाने दार ठोठवावे, आणि जे शासनाने देऊ केले आहे ते त्या दारापर्यंत यावे.

नियमाने येणाऱ्या माणसाचे मोल काय असते, हे आंबेगाव तालुक्याने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. ती वार्ता जगाला कळली ती एखाद्या यंत्रणेमुळे नव्हे. त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या एसटीच्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसेना, म्हणून. आभाळ फाटल्यावर सारे शासन धावून आले, आणि यावयास हवेच होते. पण जो रोज जातो-येतो त्याच्याच डोळ्यांना काय नाहीसे झाले ते प्रथम दिसते, हा त्या दुर्दैवी सकाळचा धडा आहे. एका गावाबाबत तो खरा ठरला, तसाच तो एका घराबाबतही खरा आहे.

हे अशक्यप्राय नाही याचा दाखला याच भूमीत सापडतो. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभ्या केलेल्या मोहन ठुसे नेत्ररुग्णालयाने खेड्यापाड्यांतील गरिबांसाठी मोतीबिंदूच्या शिबिरांचे काम वर्षानुवर्षे केले. रुग्ण येईल तेव्हा पाहू, असे म्हणत न बसता रुग्ण असेल तेथवर जावयाचे, ही त्या कामामागची दृष्टी. केरळने हीच दृष्टी आणखी पुढे नेली. कोझिकोडला १९९३ मध्ये असाध्य रुग्णांच्या वेदना शमविण्यासाठी एक लहानसे केंद्र सुरू झाले; पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले, आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण ठरवून गृहभेटींचे हे काम पंचायतींच्या हाती दिले. परिचारिका आणि शेजारचे स्वयंसेवक खाटेपाशी जातात, औषध देतात आणि घटकाभर बसतात. जपानमध्ये तर १९१७ मध्ये ओकायामा येथे सुरू झालेल्या एका प्रयोगातून वस्ती-कल्याण प्रतिनिधींची प्रथा वाढली आणि १९४८ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. तेथे दोन लाखांहून अधिक नागरिक बिनपगारी हे काम करतात. ठरलेल्या घरांतील एकट्या वृद्धांना भेटणे आणि गरज दिसताच कचेरीला कळविणे, एवढेच त्यांचे काम. तेथेही आता हे प्रतिनिधी स्वतःच म्हातारे होत चालले आहेत आणि जागा भरणे कठीण झाले आहे. तेव्हा केवळ सेवाभावावर फार काळ विसंबता येत नाही, हाही बोध त्यातून घ्यावा.

जुन्नर-आंबेगावात हे कसे करता येईल? प्रारंभ नोंदवहीपासून व्हावा. ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी आणि समाजसेवकासह महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे म्हटले आहे. नियम उत्तम आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर येथील ठाण्यांत ती वही आहे काय आणि तिच्यात शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे. ठाण्यातील मूठभर शिपायांना शे-दीडशे वाड्यावस्त्या पालथ्या घालणे जमणार नाही हे उघड आहे. पण प्रत्येक गावाला पोलीस पाटील आहे. त्याने, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आणि लोक ज्याला अजून तलाठीच म्हणतात त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने मिळून ही यादी करणे एका आठवड्याचे काम आहे. यादी चावडीवर लावू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. म्हातारी कोठे एकटी राहते हे चोराला सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे, प्रत्येक नावासमोर भेट देणाऱ्याचे नाव असावे. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असे ठरले की कोणीच लक्ष देत नाही, हा सार्वजनिक कामाचा नेहमीचा अनुभव आहे. दहा-बारा घरांमागे गावातीलच एका व्यक्तीने आठवड्यातून दोनदा जावे, पाच मिनिटे बसावे, औषध संपले काय, चूल पेटली काय, हे पाहावे आणि वहीत खूण करावी. हे काम आशा सेविकेच्या डोक्यावर फुकटात लादू नये. तिच्या पाठीवर आधीच पुष्कळ ओझी आहेत. बचत गटातील एखाद्या स्त्रीला माफक मानधन देऊन ते सोपवावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा पाच भाग दिव्यांगांवर आणि शेकडा दहा भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा, असे बंधन आहेच. त्याच धर्तीवर एकट्या वृद्धांसाठी शेकडा दोन भाग राखला तर हे मानधन निघू शकेल. पश्चिमेकडील अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट निधी मिळतो. त्यातूनही ही तरतूद करण्यास हरकत असू नये.

तिसरे, हयातीचा दाखला दाराशीच व्हावा. टपाल खात्याची बँक २०१८ पासून पोस्टमनच्या हातातील यंत्रावर घरबसल्या व्यवहार करून देते, आणि सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखलाही पोस्टमन घरी येऊन नोंदवू शकतो. जी सोय पंचवीस-तीस हजार निवृत्तिवेतन घेणाऱ्याला मिळते ती दीड हजारांच्या श्रावणबाळ लाभार्थ्याला आधी मिळावयास हवी. तिचे शुल्क सरकारने भरावे, आणि बोटाचा ठसा उमटला नाही तर गावातील भेट देणाऱ्या व्यक्तीची साक्ष ग्राह्य धरावी. जी व्यक्ती आठवड्यातून दोनदा त्या वृद्धेला पाहते तिच्याहून हयातीचा चांगला साक्षीदार कोण असणार? याच न्यायाने प्रांताधिकाऱ्यांनी निर्वाहाच्या प्रकरणांसाठी वर्षातून काही दिवस आपटाळे, मढ, तळेघर अशा ठिकाणी बसावे. फार तक्रारी येणार नाहीत कदाचित. पण साहेब गावात येऊन बसतात एवढ्यानेही अनेक मुलांचे फोन घरी येऊ लागतील.

यातील काही भार शासनाबाहेरच्या समाजानेही उचलावयाचा आहे. गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी मंदिरांचे जीर्णोद्धार केले, यात्रेच्या वर्गण्या जमविल्या, शर्यतीची बक्षिसे लावली. ज्या मंडळाला पालखीसाठी माणसे जमविता येतात त्याला गावातील सात-आठ एकट्या म्हाताऱ्यांच्या औषधांचा आणि दवाखान्याच्या गाडीचा खर्च जड नाही. तालुक्यातील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वर्षाला १२० तास समाजकार्याला देतात. त्यांतील काही तास वर्षभर नेमाने एकाच घराला द्यावेत; एका दिवशी फळे वाटून छायाचित्र काढून घेण्याने काही साधत नाही. प्राथमिक शिक्षकाला गावातील प्रत्येक घर ठाऊक असते. कचेरीतील कारकुनाला कोणाचा अर्ज कोठे अडला आहे ते ठाऊक असते. ‘आजी, हा कागद राहिला आहे, मी पाहतो,’ हे त्याचे एक वाक्य एखाद्या घराचे सहा महिन्यांचे अनुदान वाचवते.

असा आक्षेप येईल की, मुलांचे कर्तव्य ग्रामपंचायतीने उचलले तर मुले अधिकच निर्धास्त होतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु अनुभव बहुधा उलट येईल. आईची खबर नियमाने कळू लागली की मुलाला ती विचारल्यावाचून राहवत नाही. खबरच नसते तेव्हा विसरणे सोपे जाते. भेटीच्या वहीतली खूण मुलाच्या फोनवर कळविण्याची व्यवस्था केली तर कर्तव्याची ती आठवणच ठरेल. आणि काही मुले तरीही निर्धास्त राहिलीच, तर त्यांच्या अपराधाची शिक्षा आईने का भोगावी?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्यांतील पुढच्या सभेत रस्ता, गटार आणि घरकुले यांच्याबरोबर आणखी एक विषय यावा: आपल्या गावात एकटे किती आणि त्यांच्याकडे कोण जातो? आज वर्षातून एकदा शासन वृद्ध माणसाला बोलावून ‘तू हयात आहेस काय?’ असे विचारते आणि उत्तर कागदावर मागते. हाच प्रश्न गावाने आठवड्यातून दोनदा त्याच्या दाराशी जाऊन विचारावा. उत्तर ऐकायला माणूस असेल, तर त्याला तो प्रश्न अपमानाचा वाटणार नाही.